सोटो गेल्यावर यांकीजने काय कमावलं? डॉलर नका मोजू, वर्षं मोजा

प्रश्न असा आलाय: "दादा, मी एमएससाठी न्यू जर्सीला आलो, रूममेट न्यूयॉर्क यांकीज टीमवाले, त्यांच्यामुळे बेसबॉल बघायला लागलो. एक म्हणतो २०२४ च्या थंडीत स्टार बॅटर हुआन सोटो हातचा गेला तिथंच टीमचं वाटोळं झालं, दुसरा म्हणतो उलट बरंच झालं. आयपीएलचं ऑक्शन मला कळतं, हे कळत नाही. ऑफसीझनमधली सायनिंग आणि ट्रेड चांगली की वाईट हे ठरवायचं कसं?"

चांगला प्रश्न आहे आणि उदाहरण पण एकदम बरोबर पकडलंयस, कारण त्या डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांत या खेळातला जवळजवळ प्रत्येक प्रकारचा व्यवहार यांकीजने करून दाखवला. मी सहा वर्षं एका कॉलेज टीमचा डेटा बघितलाय आणि नंतर बरीच वर्षं एका प्लेअर एजंटच्या ऑफिसात आर्बिट्रेशनच्या फाइली बनवल्यात, त्यामुळे माझी नजर फॅनपेक्षा जरा वेगळ्या गोष्टीवर जाते. त्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात माझ्या साहेबांनी एका खेळाडूची फाइल समोर टाकली, मी लगेच त्याचे होमरन (बेसबॉलचा सिक्सर) सांगायला लागलो, ते म्हणाले होमरन राहू दे, याचे सर्व्हिसचे दिवस किती झाले ते सांग. मला तेव्हा कळलंच नाही. आता वाटतं सगळा विषय त्या एका वाक्यात होता.

आधी आयपीएलशी तुलना करून घेऊ म्हणजे पाया पक्का होईल. आयपीएलमध्ये पर्स ठरलेली, त्याच्या वर एक रुपया नाही. बेसबॉलमध्ये अशी पक्की मर्यादा नाहीच, लक्झरी टॅक्स आहे, म्हणजे टीमचा एकूण पगार एका रेषेच्या वर गेला की वरच्या पैशावर दंड. २०२५ साठी पहिली पायरी २४१ मिलियन डॉलरची होती आणि सगळ्यात वरची ३०१ मिलियनची, आणि यांकीजसारखी टीम जी सलग तीन किंवा जास्त वर्षं ही रेषा ओलांडत आलीय तिला सगळ्यात वरच्या पायरीवर ११० टक्के टॅक्स लागतो. म्हणजे ३०१ च्या वर गेल्यावर खेळाडूला एक डॉलर दिला की टीमच्या खिशातून दोन डॉलर दहा सेंट जातात. यांकीज त्या वर्षी ३०१ च्या वर गेलेच, त्यामुळे १२.५ मिलियनचा शेवटचा खेळाडू त्यांना खरं तर २६ मिलियनच्या वर पडतो. फॅन लोक पगाराचा आकडा बघून स्वस्त-महाग म्हणतात तेव्हा हे धरतच नाहीत. आणि हा टॅक्स त्या वर्षीच्या पगारावर नाही, करारातल्या वर्षाच्या सरासरीवर लागतो हे पण लक्षात ठेव.

दुसरा फरक जास्त मोठा. इथे खेळाडू मेजर लीगला आला की साधारण सहा वर्षं टीमच्या ताब्यात असतो. १७२ दिवस रोस्टरवर असला की सर्व्हिसचं एक वर्ष भरतं. पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगार, २०२५ ला तो ७,६०,००० डॉलर होता, मग तीन वर्षं आर्बिट्रेशन, म्हणजे टीम एक आकडा देते, खेळाडू एक देतो, पॅनल दोनातला एक निवडतं, मधला काढत नाही. सहा वर्षं झाली की तो फ्री एजंट, कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. म्हणजे ट्रेडमध्ये तू माणूस घेतोयस असं वाटतं, पण घेतोस त्या माणसाची उरलेली वर्षं. हाच चष्मा लावून त्या डिसेंबरकडे बघ.

८ डिसेंबर २०२४ ला सोटोने न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमला, मेट्सला हो म्हटलं, १५ वर्षं, ७६५ मिलियन डॉलर, नंतर द्यायचा म्हणून मागे ढकललेला एकही डॉलर नाही. यांकीजची ऑफर १६ वर्षं ७६० मिलियन अशी होती असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. म्हणजे त्यांनी कंजूषपणा केला हे खोटं. सोटो तेव्हा २६ चा, आदल्या सीझनमध्ये ४१ होमरन, १२९ वॉक (चार चुकीच्या बॉलवर मिळणारा फुकटचा बेस), त्याच्या मागे आरन जज बॅटिंगला, वर्ल्ड सिरीजपर्यंत धडक मारलेली. असा खेळाडू २६ व्या वर्षी बाजारात येतच नाही, म्हणून त्याची किंमत तशी. पण १५ वर्षं म्हणजे त्याची चाळिशी येईपर्यंत. मला विचारशील तर मी पण ती ऑफर दिली असती, कारण पहिली सहा-सात वर्षं अशा दर्जाची मिळणार आणि शेवटची चार-पाच बुडीत हे माहीत असूनच असे करार होतात.

मग १० तारखेला पिचर (म्हणजे आपला बॉलर) मॅक्स फ्रीड, ८ वर्षं २१८ मिलियन. १३ ला मिलवॉकी ब्रुअर्सकडून क्लोजर (मॅचचा शेवट सांभाळणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स, बदल्यात पिचर नेस्टर कॉर्टेस, नवखा केलेब डर्बिन आणि थोडी रोकड. १७ ला शिकागो कब्जकडून आऊटफिल्डर कोडी बेलिंजर, बदल्यात फक्त पिचर कोडी पोटीट, वर कब्जनेच ५ मिलियन दिले. २१ ला फर्स्ट बेसवाला पॉल गोल्डश्मिट, एक वर्ष १२.५ मिलियन.

लोक म्हणतात सोटोचे पैसे चार जणांत वाटले. वर्षाचा हिशोब करून बघ. फ्रीडची सरासरी २७.२५, बेलिंजरचा २०२५ चा पगार २७.५, गोल्डश्मिट १२.५, विल्यम्स ८.६, बेरीज ७५ च्या वर. सोटोची वर्षाची सरासरी ५१. म्हणजे त्या वर्षापुरते त्यांनी सोटोपेक्षा जास्तच पैसे घातले! वाचवली ती वर्षं. चारातला एकच माणूस लांब पल्ल्याचा, बाकी तिघे एक-दोन वर्षांचे पाहुणे. हे ज्याला दिसलं त्याला तो ऑफसीझन कळला, बाकी भांडण वाया आहे.

आता एकेक घेऊ.

फ्रीड. डावखुरा, सायनिंगच्या वेळी ३० चा, करार ३८ व्या वर्षापर्यंत, डावखुऱ्या पिचरला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी एकूण रक्कम. प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) असताना २०१४ ला टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराच्या लिगामेंटचं) झालेलं, २०२३ मध्ये फक्त १४ स्टार्ट (पहिल्या बॉलपासून टाकलेल्या मॅच), २०२४ ला परत फोअरआर्मचा त्रास. अशा करारासाठी आम्ही एक ढोबळ गणित करायचो. खेळाडू पुढच्या वर्षी साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त मॅचेस जिंकून देईल त्याचा अंदाज धरायचा, तिशीनंतर दर वर्षी अर्धी मॅच कमी करायची, बेरीज घ्यायची, मग रक्कम भागायची. फ्रीडला ४ वरून सुरू केलं तर आठ वर्षांची बेरीज १८ येते, म्हणजे एका विजयाला १२ मिलियनच्या वर, बाजारभाव तेव्हा ८-९ च्या आसपास, सरळ महाग. ५ वरून सुरू केलं तर बेरीज २६ आणि एका विजयाला ८.४ मिलियन, एकदम रास्त. फक्त एकाचा फरक आणि निकाल उलटा! म्हणून कोणी ठाम सांगितलं की हा करार भारी किंवा बकवास, तर त्याला आधी विचार सुरुवातीचा आकडा काय धरलास. मी तेव्हा साडेचार धरला होता आणि जरा महाग पण घ्यावा असं म्हटलं होतं. कारण तो स्ट्राइकआऊटच्या मागे धावणारा पिचर नाही, बॅटरला जमिनीवर मारायला लावणारा आहे, आणि असे पिचर वेग थोडा कमी झाला तरी तग धरतात असा माझा अनुभव.

अजून एक किंमत असते ती कुणी मोजत नाही. फ्रीडने त्याच्या जुन्या टीमची, ब्रेव्ह्जची क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची ठरीव रकमेची ऑफर) नाकारली होती, त्या वर्षी ती २१.०५ मिलियनची होती, त्यामुळे त्याला घेताना टॅक्स भरणाऱ्या यांकीजचे ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडायच्या फेरीतले) दुसरा आणि पाचवा असे दोन वरचे पिक गेले, शिवाय परदेशी खेळाडूंच्या बोनसमधले १ मिलियन. एक पिक म्हणजे कदाचित सहा स्वस्त वर्षं. पुढे या मुद्द्याकडे परत येतो.

झालं काय, तर मार्च २०२५ मध्ये टीमचा मुख्य पिचर गेरिट कोलचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, अख्खा सीझन गेला, आदल्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) पिचर लुईस गिल ऑगस्टपर्यंत बाहेर, जुलैत पिचर क्लार्क श्मिटचं पण कोपराचं ऑपरेशन. फ्रीडने १९५ इनिंग टाकल्या, १९ जिंकल्या ५ हरल्या, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितका चांगला) २.८६. तो नसता तर ती टीम पोस्टसीझनला (प्लेऑफला) गेली नसती असं मला अगदी मनापासून वाटतं. पण त्याच वेळी बाजारात कॉर्बिन बर्न्स पण होता, २०२४ मध्ये फ्रीडपेक्षा तोच सरस होता, त्याने अ‍ॅरिझोनाशी ६ वर्षं २१० मिलियनला सही केली आणि जून २०२५ मध्ये त्याचं टॉमी जॉन झालं. अ‍ॅरिझोनावाले मूर्ख होते का? अजिबात नाही. पिचरचा खांदा-कोपर हा जुगार आहेच. त्यामुळे मी प्रत्येक व्यवहाराच्या पुढे दोन रकाने ठेवतो, त्या दिवशी काय माहीत होतं आणि नंतर काय झालं, आणि ग्रेड पहिल्या रकान्यावरच देतो.

बेलिंजरचा ट्रेड हा ट्रेड मार्केट शिकायला सगळ्यात चांगला धडा आहे. १३ डिसेंबरला कब्जनी ह्यूस्टनकडून आऊटफिल्डर काइल टकर घेतला. त्यांच्या आऊटफिल्डला आता जागा नाही, पगाराला जागा नाही, आणि बेलिंजरकडे २०२६ साठी २५ मिलियनचा स्वतःच्या हातातला ऑप्शन, म्हणजे वाईट खेळला तर चिकटून बसणार, चांगला खेळला तर उठून जाणार. असा करार विकणाऱ्याला जड होतो. चार दिवसात यांकीजने तो जवळपास फुकट उचलला. ट्रेडमध्ये खेळाडूचे आकडे मी दुसऱ्यांदा बघतो, पहिल्यांदा बघतो समोरच्याची गरज काय, त्याला कोणत्या तारखेच्या आत काय मोकळं करायचंय. आपल्याकडे मार्केट यार्डात संध्याकाळी शेवटची गाडी उभी असली की भाव कसा पडतो, तसंच. आणि फिट पण बघ: डावखुरा बॅटर, यांकी स्टेडियमची उजवीकडची भिंत कोपऱ्यात ३१४ फुटांवर, तिन्ही आऊटफिल्ड आणि फर्स्ट बेस खेळणारा. वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच आठव, ५-० पुढे असताना पाचव्या इनिंगमध्ये जजच्या हातून सोपा कॅच सुटला, व्होल्पीचा थ्रो चुकला, कोल फर्स्ट बेसला पोचलाच नाही, पाच रन गेले आणि सिरीज पण गेली. त्या टीमला नुसती बॅट नको होती, हात पण हवे होते. बेलिंजरने २९ होमरन आणि ९८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन) दिले, घरच्या मैदानावर तो बाहेरपेक्षा बराच चांगला खेळला, फिल्डिंग तर उत्तमच.

गोल्डश्मिटवर फार बोलण्यासारखं नाही. ३७ वर्षांचा, एक वर्ष, फर्स्ट बेसला आधी खड्डाच होता, १० च होमरन मारले पण बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२७४, डाव्या पिचरसमोर फारच चांगला. शिवाय करार एक वर्षाचा असल्यामुळे बेन राइससारख्या पोराची वाट अडली नाही, राइसने २६ होमरन मारले. समजा त्या जागी क्रिश्चन वॉकरला घेतलं असतं, ह्यूस्टनने त्याला ३ वर्षं ६० मिलियन दिले, तर राइसने कुठे खेळायचं? सायनिंग कोणाला अडवतं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचाच.

आता माझं दुखणं, विल्यम्स. २९ मार्च २०२५ ची मॅच रूममेटनी सांगितली असेल. कॉर्टेस ब्रुअर्सकडून जुन्या टीमविरुद्ध पिचिंगला आला आणि त्याच्या पहिल्या तीन बॉलवर तीन होमरन, गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. यांकीजने त्या दिवशी ९ होमरन मारून २०-९ जिंकली. त्या संध्याकाळी ज्याने त्याने लिहिलं की ट्रेड लुटला. एप्रिल संपेपर्यंत विल्यम्सचं क्लोजरचं काम काढून घ्यावं लागलं होतं. सीझनच्या शेवटी ईआरए ४.७९. मी त्याला तितका वाईट म्हणत नाही, ६२ इनिंगमध्ये ९० स्ट्राइकआऊट हे वाईट पिचरचं लक्षण नाही, रिलीव्हर (मॅचच्या मध्ये-शेवटी येणारा पिचर) वर्षाला ६० इनिंगच टाकतो, चार रात्री वाईट गेल्या की आकडा कायमचा बिघडतो. पण नेमकं हेच कारण आहे की रिलीव्हरच्या एका वर्षासाठी सहा वर्षं द्यायची नसतात. विल्यम्सकडे फ्री एजन्सीला एकच वर्ष उरलं होतं. डर्बिन मेजर लीगला एक मॅच न खेळलेला, म्हणजे पुरी सहा वर्षं, आणि तीही किमान पगारापासून.

तेव्हा त्याला सगळे युटिलिटीवाला, छोट्या चणीचा, पॉवर नाही असं म्हणत होते आणि मी पण त्याला रेग्युलर धरलं नव्हतं, हे मान्य करतो. पण यांकीजकडे तेव्हा थर्ड बेसला कोण होता? ग्लेबर टोरेस डेट्रॉइटला गेला, जॅझ चिझम सेकंडला सरकला, थर्ड बेस मोकळं. ओस्वाल्डो कॅब्रेराचा मे मध्ये घोटा मोडला, लमेह्यूला जुलैत सोडून दिलं. आणि डर्बिन तिकडे मिलवॉकीत थर्ड बेसच खेळत होता, ती टीम ९७ जिंकून अख्ख्या मेजर लीगमध्ये पहिली आली, डर्बिन नॅशनल लीगच्या रुकीच्या मतदानात तिसरा. शेवटी यांकीजला जुलैत कॉलोराडोकडून रायन मॅकमॅहन आणावा लागला, पगारासकट. स्वतःच्या घरातली वस्तू देऊन टाकायची आणि सात महिन्यांनी तीच बाहेरून विकत आणायची, याला मी वाईट ट्रेड म्हणतो, आणि हे पहिल्या रकान्यातलं आहे बरं का, थर्ड बेस रिकामं आहे हे डिसेंबरमध्येच दिसत होतं.

ब्रुअर्सची रीत बघण्यासारखी आहे. क्लोजर हेडर २०२२ ला विकला, बर्न्स २०२४ च्या फेब्रुवारीत, विल्यम्स त्याच वर्षी डिसेंबरात. माणूस सोडून जायच्या आत त्याच्या उरलेल्या थोड्या वर्षांचं रूपांतर दुसऱ्या कोणाच्या जास्त वर्षांत करायचं. हेडरच्या बदल्यात आलेल्यातला एक पोरगा पुढे फिरवून त्यांनी कॅचर विल्यम कॉन्ट्रेरास मिळवला. छोट्या शहराची टीम असून हे जमतं कारण ते नावावर प्रेम करत नाहीत. फॅन म्हणून असं बघणं जड जातं, मला समजतं.

उलटं उदाहरण पण त्याच आठवड्यातलं. ११ डिसेंबरला बॉस्टन रेड सॉक्सने पिचर गॅरेट क्रोशे घेतला, बदल्यात चार प्रॉस्पेक्ट, त्यात काइल टील आणि ब्रेडन माँटगोमरी. तेव्हा खूप जण म्हणाले जास्त दिलं. पण क्रोशेची दोन वर्षं उरली होती, आणि सीझन सुरू व्हायच्या सुमारास त्यांनी त्याच्याशी २०२६ पासूनचा ६ वर्षांचा १७० मिलियनचा करार करून टाकला. दोनाची सात केली. ऑक्टोबरमध्ये वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या) पहिल्या मॅचमध्ये त्याने यांकीजला जवळपास आठ इनिंग बांधून ठेवलं, ११ स्ट्राइकआऊट. यांकीज ती सिरीज कोणामुळे जिंकले? कॅम श्लिटलर, २०२२ च्या ड्राफ्टमधला सातव्या राऊंडचा पोरगा, तिसऱ्या मॅचमध्ये ८ इनिंग शून्य रन १२ स्ट्राइकआऊट, किमान पगारावर. मघाशी पिकच्या किमतीबद्दल बोललो ते यासाठी. मोठ्या करारांच्या गदारोळात हे सहा-सहा वर्षांचे पोरगेच टीमला धरून ठेवतात.

मग निकाल काय. यांकीज ९४ जिंकले, टोरांटोशी बरोबरी, आपसातल्या मॅचेसवर डिव्हिजन गेली, मग टोरांटोनेच ३-१ ने घरी पाठवलं. मेट्स सोटोला घेऊन ८३ जिंकले आणि पोस्टसीझनला पोचलेच नाहीत, सोटोने स्वतः ४३ होमरन मारून ३८ बेस चोरले तरी. यावरून सोटो घेणं चूक होतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, त्यांची पिचिंग कोसळली, त्यात सोटोचा काय दोष, आणि त्याच्या कराराची अजून चौदा वर्षं बाकी आहेत. तुझ्या पहिल्या रूममेटला सांग की वाटोळं झालं नाही. दुसऱ्याला सांग की बरं झालं असंही नाही, एका वर्षापुरता भोक बुजवायचा उत्तम प्लॅन होता आणि विल्यम्सचा ट्रेड सोडला तर नीट पार पडला.

मला जास्त आनंद जुलैच्या ट्रेड डेडलाइनला झाला. त्यांनी रिलीव्हर डेव्हिड बेडनार घेतला तेव्हा त्याचं पुढचं वर्षही हातात होतं, दुसरा रिलीव्हर कमिलो डोवालची २०२७ पर्यंतची वर्षं, मॅकमॅहनचा करार पण २०२७ पर्यंत. डिसेंबरात एक वर्षाचा क्लोजर घेणारी टीम जुलैत वर्षं विकत घ्यायला लागली, ही मला खरी सुधारणा वाटली. विल्यम्स सीझन संपल्यावर फ्री एजंट झाला, त्याला क्वालिफाइंग ऑफर दिलेली नव्हती म्हणून बदल्यात पिक पण नाही, आणि तो ३ वर्षं ५१ मिलियनला मेट्सकडेच गेला.

बेलिंजरने ऑप्शन नाकारला, बाजारात उतरला आणि जानेवारी २०२६ मध्ये ५ वर्षं १६२.५ मिलियनला परत यांकीजकडेच आला. वरचं गणित लावून बघ: ४ वरून सुरू केलं तर पाच वर्षांची बेरीज १५, एका विजयाला १०.८ मिलियन, साडेचारवरून केलं तर १७.५ आणि ९.३ मिलियन. वर टॅक्स आहेच. तो ३५ चा होईपर्यंतचा करार आहे, आणि त्याची निम्मी किंमत पायांत आहे, सेंटर फील्डपर्यंत पळणाऱ्या पायांत. मला पहिली तीन वर्षं पूर्ण पटतात. चौथ्या-पाचव्या वर्षी तो फर्स्ट बेसला आला तर तिथं राइस असेल की नाही, हे मी आजच वहीत लिहून ठेवलंय.